चार छिद्रांचा प्लग आणि तीन तारा

पहिला संगणक स्वतःच्या हाताने जोडायचा ठरवल्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय यांची मी महिनाभर चौकशी केली होती. कॅबिनेटमधल्या पंख्यांसाठी मात्र अर्धा तासही खर्च केला नाही, आणि फसलो तो नेमका तिथेच. पंख्यात फसवण्यासारखे काय असणार, अशी माझी समजूत होती. पुढचा मजकूर त्याच समजुतीने खरेदीला निघालेल्यांसाठी आहे.

मी घेतलेल्या संचात १२० मिलिमीटरचे सहा पंखे, त्या सगळ्यांना जोडणारा एक हब आणि एक छोटा रिमोट होता. ऑनलाइन वर्णनात दोन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या: पंखे पीडब्ल्यूएम आहेत, आणि दिवे ५ व्होल्टचे एआरजीबी असून मदरबोर्डवरून चालवता येतात. छायाचित्रे भरपूर होती, पण ती सगळी अंधारात झगमगणाऱ्या पात्यांची. प्लगचे एकही नव्हते. आज मागे वळून पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत सूचक वाटते.

या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक असता तर मी इतका भटकलो नसतो, म्हणून तो आधी सांगतो. पीडब्ल्यूएम पंख्याला चार तारा असतात: एक ग्राउंडची, एक १२ व्होल्टची, तिसरी पंख्याचा वेग मदरबोर्डला कळवणारी आणि चौथी मदरबोर्डचा हुकूम पंख्याला पोहोचवणारी. या चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो आणि त्यातला चालू भाग किती मोठा आहे यावर पंख्याचा वेग ठरतो. चौथी तार नसेल तर हुकूम पोहोचत नाही, आणि १२ व्होल्ट अखंड मिळत असल्याने पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो. तीन तारांचा पंखाही हळू करता येतो, पण त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) त्या हेडरची, म्हणजे मदरबोर्डवर प्लग बसतो त्या पिनांच्या जागेची, पद्धत बदलून डीसी करावी लागते, म्हणजे मदरबोर्ड १२ व्होल्टऐवजी कमी व्होल्ट देतो. दिव्यांचेही असेच दोन प्रकार आहेत. जुन्या आरजीबीला १२ व्होल्टचे चार पिनांचे हेडर लागते आणि पट्टीवरचे सगळे दिवे एका वेळी एकच रंग दाखवतात. एआरजीबीला ५ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड अशा तीन पिना लागतात व प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो.

पुढे तीन, वर दोन आणि मागे एक असे पंखे बसवले. हबला पॉवर सप्लायची साटा केबल (एरवी डिस्कला वीज देणारी) दिली, हबची एक तार मदरबोर्डच्या पंख्याच्या हेडरला आणि दुसरी एआरजीबी हेडरला जोडली. संगणक पहिल्याच फटक्यात सुरू झाला, याचा आनंद मिनिटभर टिकला. सहाही पंखे पूर्ण वेगाने घोंगावत होते आणि बायोसमध्ये वेगाची रेषा कितीही खाली ओढली तरी आवाज तसूभरही कमी होत नव्हता. दिवे लागत होते, पण आपल्याच मर्जीने. मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये पांढरा रंग निवडला तरी कॅबिनेटमध्ये इंद्रधनुष्यच फिरत राहायचे.

पहिल्यांदा जोडणी करणारा माणूस अशा वेळी सगळ्यात आधी स्वतःवर संशय घेतो. मी दोन रात्री प्रत्येक प्लग काढून पुन्हा बसवत होतो. विक्रेत्याला या संशयाची पूर्ण कल्पना असावी, कारण त्याने त्याच्यावरच आपली सगळी उत्तरे उभी केली.

तक्रार केल्यावर पहिले उत्तर आले ते असे: “सर, बायोसमध्ये पंख्याचा वेग दिसतो आहे ना? मग पंखा पीडब्ल्यूएमच आहे, तुमचे बायोस अपडेट करा.” हे ऐकायला पटण्यासारखे होते आणि साफ खोटे होते. वेगाचा आकडा तिसऱ्या तारेवरून येतो, आणि ती साध्या तीन तारांच्या पंख्यालाही असते. आकडा दिसणे आणि वेग आटोक्यात असणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय बहुतेक हब फक्त एका पंख्याचा वेग मदरबोर्डला कळवतात, त्यामुळे तो आकडा उरलेल्या पाच पंख्यांबद्दल काहीच सांगत नाही. मला यातले काही माहीत नसल्याने मी निमूटपणे बायोस अपडेट केले. त्यात दोन दिवस गेले.

दुसऱ्या उत्तरात सरळ आरोप होता. मी एआरजीबीची तार चुकून १२ व्होल्टच्या हेडरवर लावली असणार आणि त्यामुळे हब जळला असणार. ५ व्होल्टच्या दिव्यांना १२ व्होल्ट दिले तर ते खरोखरच जळतात, म्हणून मी घाबरलो आणि मदरबोर्डचे छायाचित्र मोठे करून हेडरची नावे पुन्हा वाचली. तार योग्य जागीच होती. जळलेले दिवे असे रात्रभर इंद्रधनुष्य नाचवत बसत नाहीत, हा साधा विचार मला तेव्हा सुचला नाही. पेटी उघडतानाचा अखंड व्हिडिओ मागितला गेला, तो मी काढलेला नव्हता. त्या चौकशीत आणखी दोन दिवस गेले.

तिसरे उत्तर सर्वांत गोड होते आणि त्यानेच मला बुडवले. नवा संच लगेच पाठवतो, फक्त परतीची जी विनंती नोंदवली आहे ती आधी रद्द करा, नाहीतर आमच्याकडे नव्या पार्सलची नोंद होत नाही, असे सांगण्यात आले. परतीच्या मुदतीचा एकच दिवस उरला होता. मी विनंती रद्द केली. पार्सलचा म्हणून एक क्रमांक आला, तो कुठेच उघडेना. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला की वाहतुकीचा खर्च एका खासगी खात्यावर भरल्यास पार्सल निघेल. एवढी एक गोष्ट मी केली नाही.

खरी तपासणी मी त्यानंतर केली, जी पहिल्याच रात्री करायला हवी होती. ती करायला तासभरही लागला नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते.

आधी हब बाजूला केला, कारण हबमधल्या पंख्यांना वीज साटा केबलवरून मिळते आणि मदरबोर्डवर काहीही बदलले तरी तिथल्या व्होल्टवर परिणाम होत नाही. एक पंखा थेट मदरबोर्डच्या हेडरवर लावला. बायोसमध्ये पीडब्ल्यूएम पद्धत ठेवली तेव्हा तो पूर्ण वेगाने फिरला, आणि डीसी पद्धत निवडताच आज्ञाधारकपणे हळू झाला. मग त्याच हेडरवर, पीडब्ल्यूएम पद्धत ठेवून, प्रोसेसरच्या कूलरचा पंखा थोडा वेळ लावला. तो रेषेप्रमाणे कमी-जास्त झाला. हेडर ठणठणीत होते आणि दोष पंख्यात होता.

प्लग हातात घेऊन टॉर्चच्या उजेडात पाहिला. काळ्या प्लास्टिकच्या घरात चार छिद्रे होती. तीन छिद्रांत पितळी पत्ती चमकत होती, चौथ्यात काहीच नव्हते. तारांवर काळे विणलेले आवरण प्लगच्या अगदी तोंडापर्यंत ओढून चिकटवले होते. नखाने ते बोटभर मागे सरकवले तेव्हा आत तीनच तारा निघाल्या. सहाही पंख्यांची हीच गत होती. तीन तारांचा पंखा विकणे हा काही गुन्हा नव्हे, कित्येक चांगले पंखे तसे असतात. पण चार छिद्रांचा प्लग लावून, वर आवरण ओढून, पीडब्ल्यूएम म्हणून विकणे ही नजरचूक म्हणता येत नाही. कुणीतरी बसून ते आवरण चिकटवले होते.

दिव्यांची तपासणी थोडी अवघड गेली. पंख्यांच्या दिव्यांचा प्लग विक्रेत्याच्या स्वतःच्या घडणीचा होता, तो हबशिवाय कुठेही बसत नव्हता. म्हणून मित्राकडून एआरजीबीची एक पट्टी आणून मदरबोर्डच्या हेडरवर लावली. पांढरा निवडला की ती पांढरी होत होती, म्हणजे मदरबोर्ड इथेही निर्दोष ठरला. मग हबच्या तळाच्या रबरी गोळ्या उचकटल्या आणि खालचे चार स्क्रू काढले. मदरबोर्डकडून येणारी तार ज्या सॉकेटमध्ये बसते ते सॉकेट बोर्डावर नीट झाळलेले होते, पण डेटाच्या पिनेपासून तांब्याची एकही रेघ निघत नव्हती. बोर्ड उलटून पाहिला, दुसऱ्या बाजूलाही नव्हती. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असली की बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून एक टोक त्या पिनेला आणि दुसरे चिपच्या एकेका पायाला लावत गेलो. एकाही पायावर बीप वाजला नाही. रिमोटवरून रंग बदलत होते, कारण ते काम चिप स्वतःच करत होती. मदरबोर्डसाठीचे सॉकेट निव्वळ शोभेचे होते.

संचासोबत मोलेक्समधून (जुन्या धाटणीच्या चार पिनांच्या वीजप्लगमधून) साटा काढणारी एक जोडवायरही फुकट आली होती, ओतीव प्लास्टिकच्या प्लगची. असल्या ओतीव प्लगमध्ये तारा आतल्या आत एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे ती मी कधी लावली नाही. या खरेदीत माझ्याकडून झालेला तो बहुधा एकमेव शहाणपणा.

छिद्रांची, सोललेल्या तारांची आणि हबच्या बोर्डाची छायाचित्रे जोडून मी पुन्हा तक्रार नोंदवली. परतीची विनंती ग्राहकाने स्वतः रद्द केली आहे आणि हब उघडलेला आहे, या दोन कारणांवर ती फेटाळली गेली. दोन्ही कारणे खरी होती. पहिले मला करायला लावले गेले, दुसरे मी उतावीळपणे केले. वस्तू परत जाण्याची शक्यता आहे तोवर आवरण सोलायची किंवा स्क्रू काढायची गरजच नव्हती. प्लगच्या छिद्रात टॉर्च मारणे आणि बायोसमधली पद्धत बदलून पाहणे एवढ्याने पंख्यांचा खोटेपणा सिद्ध होत होता, आणि त्यासाठी काहीही फोडावे लागत नव्हते. विक्रेत्याशी बोलणे चालू असतानाही परतीची विनंती तशीच ठेवता आली असती.

सध्या तेच सहा पंखे कॅबिनेटमध्ये आहेत, हबशिवाय, दिवे बंद. दोन फाट्यांच्या वायरींनी ते मदरबोर्डच्या तीन हेडरांवर वाटून दिले आहेत आणि डीसी पद्धतीत हळू चालवले आहेत. एक हेडर साधारण १ ॲम्पिअरपर्यंतच भार घेतो, म्हणून प्रत्येकावर दोनच पंखे आहेत. पुढचा पंखा बिनदिव्यांचा घ्यायचे ठरवले आहे. त्यासाठी परवा एका दुसऱ्या विक्रेत्याला प्लगचे समोरून आणि तारांच्या बाजूने काढलेले छायाचित्र मागितले. त्याने ते दहा मिनिटांत पाठवले, आणि मी तारा दोनदा मोजल्या.