खांबाचा फुगवटा: अर्धवर्तुळाने, लवत्या पट्टीने की ग्रीक कंसाने?

अभिजात (ग्रीक-रोमन) धाटणीचा खांब वर निमुळता होतो, पण त्याची कड सरळ नसते, किंचित फुगीर असते. हाच एंटासिस. तो आखायच्या तीन रीती एकाच खांबावर लावून पाहू: उंची ३ मीटर, खालचा व्यास ४०० मिमी, वरचा ३३३.

इटालियन वास्तुकार विन्योलाच्या रीतीत (१५६२) खालचा तिसरा हिस्सा, म्हणजे १ मीटर, सरळ राहतो. तिथे ४०० मिमी व्यासाचं अर्धवर्तुळ काढा. वरच्या कडेवरून ओळंबा सोडा. तो अर्धवर्तुळाला जिथे छेदतो तिथपासून त्याच बाजूच्या टोकापर्यंतच्या कंसाचे चार सारखे भाग करा. वरच्या २ मीटर उंचीचेही चार करा आणि कंसावरचा एकेक बिंदू आपापल्या रेषेवर चढवा. व्यास येतात ४००, ३९६, ३८३, ३६२, ३३३. आकडे हातात असल्यामुळे दहा खांबांचे फर्मेही (कड तपासायचे साचे) एकसारखे निघतात. हे बिंदू सरळ रेषांनी जोडले, तर उन्हात प्रत्येक कोपरा उठून दिसतो.

दुसरा इटालियन वास्तुकार पॅलाडिओ; त्याची (१५७०) पट्टी सर्वांत झटपट. खालचा तिसरा हिस्सा सरळ धरून पातळ पट्टी वरच्या व्यासापर्यंत लववायची. व्यास विन्योलापेक्षा फार तर साडेचार मिमी कमी भरतो. पट्टीत गाठ असेल किंवा जाडी कमीजास्त असेल, तर वळण तिथेच मोडतं. खाली एकच खिळा मारला, तर बुंधाही तिरका होतो. दोन खिळे हवेतच.

तिसरी रीत तुर्कस्तानातल्या दिदिमाच्या अपोलो मंदिराच्या भिंतीवर कोरलेली १९७९ मध्ये सापडली. रुंदी खऱ्या मापाची, उंची मात्र १६ पट दाबलेली. म्हणून प्रचंड खांबाचा फुगवटा थोड्या जागेत साध्या कंसाने निघतो. आपले ३ मीटर तिथे १८७.५ मिमी होतात. कंसाची उंची, म्हणजे टोकं जोडणाऱ्या रेषेपासूनचा फुगवटा, ८ मिमी ठेवा आणि बिंदूंच्या उंच्या पुन्हा १६ पट ताणा. एका बाजूला खांब ३३ मिमी आत येतो; त्याच्या चौथाईपेक्षा फुगवटा वाढला की पोट बुंध्याबाहेर येतं.

तळाशी बैठक नसलेल्या डोरिक (साध्या ग्रीक धाटणीच्या) खांबाला आम्ही ग्रीक कंसच सुचवू. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या सुमारे साडेदहा मीटर खांबात फुगवटा २ सेंमीहूनही कमी आहे, आणि त्या संयमातच खांबाचा जीव आहे. बैठकीच्या खांबाला विन्योला घ्या. लेथवरच्या एकट्या लाकडी खांबाला पट्टी पुरते.

फर्मा कापल्यावर बुंध्यापासून माथ्यापर्यंत दोरी ताणा आणि मध्यावरची फट मोजा: पहिल्या दोन रीतींत १४ मिमीच्या आसपास, ग्रीक कंसात ८.