पाच स्टार इन्व्हर्टर एसी: सांगलीच्या घरात पैसे कधी फिटतात?

जुना दीड टनी साधा स्प्लिट एसी काढून पाच स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) बसवावा का? बसवावा, पण दुकानदाराने सांगितलेल्या बचतीवर नाही, स्वतःच्या मीटरवर हिशेब करून.

आधी लेबल नीट वाचा. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात. दीड टनाच्या पाच स्टारवर साधारण 750 ते 800 आणि तीन स्टारवर 950 ते 1000 असा आकडा दिसतो. म्हणजे फरक 200 युनिटचा. पण सांगली-मिरजेत फक्त बेडरूमचा एसी मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, रात्री आठ तास लावला तर 100 रात्रींचे 800 तास होतात. मग लेबलवरचा फरक सरळ निम्मा करा.

आपला जुना एसी किती खातो, हे मीटरच सांगतो. एसी सोडून बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. बऱ्याच मीटरवर एका युनिटला 3200 इंपल्स, म्हणजे लुकलुकी, लिहिलेले असतात. आपल्या मीटरवरचा आकडा बघून घ्या. लुकलुक गुणिले 60, भागिले 3200, की किलोवॅट मिळाले. जुन्या दीड टनीला मिनिटाला 85 च्या आसपास येतात, म्हणजे 1.6 किलोवॅट. कॉम्प्रेसर रात्रीतला 70 टक्के वेळ चालला तर आठ तासांत 9 युनिट. इन्व्हर्टर पहिल्या तासात जोर लावतो, खोली गार झाली की 22-25 लुकलुकींवर येतो. रात्रीचे 5 युनिट धरा. 100 रात्रींत 400 युनिट वाचले.

आता दर, आणि हिशेब सगळ्यात जास्त इथेच चुकतो. एकूण बिल भागिले एकूण युनिट असं करू नका. स्थिर आकार तर एसी बदलला तरी तेवढाच राहतो, आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतात. समजा एसीशिवाय घराचे महिन्याला 200 युनिट आहेत. जुन्या एसीचे 270 धरून 470 होतात, नव्याचे 150 धरून 350. वाचलेले 120 च्या 120 युनिट 301 ते 500 च्या टप्प्यातले. त्याच टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार (वीज पोचवण्याचा, युनिटमागे लागणारा) मिळवा आणि वर 16 टक्के वीज शुल्क. एप्रिल-मेचं बिल समोर ठेवा, डिसेंबरचं नको. हिशेबापुरते युनिटला 18 रुपये धरले तर 400 युनिटचे 7200. जुना देऊन नव्याला 40 हजार मोजावे लागले तर साडेपाच वर्षं. एसीसह 300 युनिटच्या आत राहणाऱ्या घराला दर बराच कमी पडतो, तिथे पैसे फिटायला आणखी दोन-अडीच वर्षं सहज लागतात.

नवा घेणारच असाल तर तीन की पाच स्टार? लेबलवरचा फरक निम्मा करून वर्षाला 100 युनिट, म्हणजे 1800 रुपये वाचतात. किमतीतला फरक 8 हजारांच्या आत असेल तर पाच स्टारच घ्या. दुपारीही एसी चालणाऱ्या घरात तर प्रश्नच नाही.

बचत बुडते ती बसवताना. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून हवा काढायलाच हवी. थोडा गॅस सोडून हवा हाकलणाऱ्याला थांबवा. हवा आणि ओल आत राहिली की दाब वाढतो, तेल खराब होतं आणि युनिट जास्त जळतात. आर-32 हा एसीतला गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरायचा, नुसत्या प्रेशरच्या अंदाजाने नाही. सोबत मिळणारा तांब्याचा पाइप बहुधा 3 मीटर असतो, पुढच्या प्रत्येक मीटरचा दर आधी ठरवा. पीसीबीची (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची) वॉरंटी कॉम्प्रेसरपेक्षा वेगळी असते, ती बिलावर लिहून घ्या, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

गावभागासारख्या, 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी शिरलेल्या भागात आउटडोअर युनिट पहिल्या मजल्याच्या भिंतीवरच घ्या. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळा.

वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली मात्र इन्व्हर्टरही मध्यरात्रीपर्यंत जोरातच चालतो, 5 चे 7 युनिट होतात. अशा घरात आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि मग पुन्हा दिवा मोजा.