स्वप्नात जागे होण्याच्या तीन वाटा: नवख्याने कोणती निवडावी?

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगणे म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग, अर्थात सजग स्वप्न. हा निव्वळ कल्पनाविलास नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी, गाढ झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून केलेली खूण यंत्रावर नोंदवली. मात्र स्वप्नाचे भान येणे आणि स्वप्न हवे तसे वळवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मला उडता कधी येईल?’ असे विचारणाऱ्याने आधी भानाची वाट निवडावी.

पहिली वाट दिवसाची आहे. दिवसातून अनेकदा थांबून ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही?’ असे मनापासून विचारायचे आणि खात्री करून घ्यायची: नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा (स्वप्नात तो बहुधा चालूच राहतो) किंवा एखादी पाटी वाचून, नजर हटवून पुन्हा वाचायची, कारण स्वप्नातली अक्षरे दुसऱ्या वाचनात बरेचदा बदललेली असतात. यात झोपेचे काहीही नुकसान नाही. तरीही एवढ्यावरच विसंबणाऱ्यांची लवकरच निराशा होते, कारण चाळा म्हणून केलेली चाचणी स्वप्नातही चाळा म्हणूनच उरकली जाते.

दुसरी वाट लाबर्ज यांनी मांडलेली ‘माइल्ड’ पद्धत (MILD, म्हणजे स्मरणाच्या आधारे सजग स्वप्न घडवणे, याचे इंग्रजी लघुरूप). झोपल्यानंतर सुमारे पाच तासांनी गजर लावून उठायचे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली विसंगत गोष्ट हेरायची आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न असल्याचे मला आठवेल’ असे मनाशी घोळवत पुन्हा झोपायचे. वेळ पहाटेची निवडण्याचे कारण असे की झोपेची आवर्तने साधारण नव्वद मिनिटांची असतात आणि स्वप्नांनी भरलेला, डोळ्यांच्या जलद हालचालींचा रेम (REM) टप्पा उत्तररात्री लांबत जातो. माझ्या उशाशी असलेल्या वहीत ‘दहावीचा भूमितीचा पेपर, अभ्यास शून्य’ अशी नोंद इतक्यांदा आली, की अखेर तो पेपरच स्वप्न ओळखण्याची माझी खूण ठरला. अशी वही नसेल तर ‘माइल्ड’ला आधारच उरत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे केवळ स्वप्ने लिहून काढण्यात घालवले तरी ते वाया जात नाहीत. डेनहोम अ‍ॅस्पी यांच्या २०१७ मधील ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिवसाची चाचणी, पहाटेचा गजर आणि ‘माइल्ड’ एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आले. म्हणजे बहुतेक रात्री कोऱ्याच जातात, हे आधीच मान्य केलेले बरे.

तिसरी, ‘वाइल्ड’ (WILD, हेही इंग्रजी लघुरूपच) पद्धत, जागेपणातून भान न सोडता थेट स्वप्नात उतरण्याची. ऐकायला सर्वांत आकर्षक, पण नवख्याला मी ती सुचवणार नाही. या सीमेवर शरीर जखडल्यासारखे होऊन छातीवर कोणी बसल्याचा भास होऊ शकतो. हा निद्रापक्षाघात थोड्या वेळात आपोआप ओसरतो, परंतु त्याची पूर्वकल्पना नसलेला माणूस घाबरून सारा नादच सोडतो. स्वप्नात कायमचे अडकण्याची भीती मात्र निराधार आहे. उलट नवख्याची तक्रार नेमकी विरुद्ध असते, कारण भान येताच आनंदाच्या भरात त्याला जाग येते. अशा वेळी स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळणे किंवा जवळच्या भिंतीचा खडबडीतपणा हाताने चाचपणे बऱ्याच जणांना उपयोगी पडते.

तेव्हा माझा कौल वही आणि ‘माइल्ड’ यांना, तोही आठवड्यातून दोनच रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. ज्यांना मुळातच निद्रानाश आहे, ज्यांची रात्रपाळी असते किंवा ज्यांना सत्य आणि भास यांतील फरक करताना कधी अडचण आली आहे, त्यांनी गजराची वाट टाळावी. शेवटच्या गटातील व्यक्तींनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दिवसाच्या चाचण्याही सुरू करू नयेत.