पिकअपचे मागचे टायर : ९ महिने, २७ हजार किलोमीटर आणि एक फेटाळलेला क्लेम

टायर खराब निघाला म्हणून कंपनीकडे भरपाईचा क्लेम टाकला होता, तो परवा फेटाळून आला. डोकं फिरलं होतं, त्याच रागात लिहायला बसलो. पण मधे एक गोष्ट घडली, त्यामुळे खालचा अर्धा भाग बदलावा लागला. वरचा तसाच ठेवलाय.

माप २१५/७५ आर १५, आठ प्लाय (म्हणजे वजन पेलायची ताकद), ट्यूबलेस. गाडी नारायणगाव ते वाशी, माळशेजवरून. जाताना टोमॅटोचे ७० क्रेट, येताना बहुतेक रिकामी. क्रेटसकट २२ किलो धरा, म्हणजे दीड टनाच्या वर माल. आठवड्याला दोन-तीन फेऱ्या.

टायर घेताना दुकानदाराने दोन दाखवले. एक जरा महाग, एक ७०० रुपयांनी स्वस्त. जोडीमागे १४०० वाचतात म्हणून स्वस्त घेतले. पहिले चार महिने काही तक्रार नव्हती. पावसात घाटातून उतरताना एकदाही घसरले नाहीत. मागे बटन टायर, म्हणजे जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे, आहेत, त्यामुळे शेतातल्या चिखलातून भरलेली गाडी बिनबोभाट निघते. डांबरावर आवाज करतात, पण आमच्या इंजिनासमोर तो आवाज कुणाला ऐकू येणार?

पाचव्या महिन्यात दिसलं की दोन्ही कडा घासतायत आणि मधली नक्षी शाबूत आहे. अलाइनमेंटला नेली. चारशे रुपये घेतल्यावर तिथला पोरगा म्हणतो, "दादा, मागचा एक्सल सरळ दांडा आहे, त्याची अलाइनमेंट होत नसते. पुढच्यांची केली." हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?

सातव्या महिन्यात मुरबाडच्या पुढे डावा टायर एका खड्ड्यात आपटला. घरी येऊन बघतो तर बाजूला लिंबाएवढा फुगा. आतला दोरा तुटला की असाच फुगा येतो. त्या टायरवर पुढची फेरी मारायची नाही एवढी अक्कल आहे. बदलला, आणि जुना क्लेमला पाठवला.

तपासायला आलेल्या माणसाने टायर उलटा केला, आतून बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. काळी भुकटी. आतल्या बाजूने गोल फिरलेला एक खरवडलेला पट्टाही दाखवला. "कमी हवेवर चालवलाय, कंपनी देणार नाही." मी म्हटलं, दर फेरीला पंपावर हवा बघतो, कमी कशी असेल? त्याने खांदे उडवले. मी दुकानात बराच आवाज चढवला. उपयोग शून्य.

इथपर्यंत सगळं रागात लिहिलं होतं.

मग हट्टाने हवा मोजायचा ३५० रुपयांचा हातातला गेज घेतला, त्या माणसाला खोटं पाडायला. पहाटे गाडी थंड असताना घरी मोजली. मागे ४८ आणि ४७ पीएसआय. आदल्याच दिवशी दुपारी मुरबाडच्या पंपावर ६० केली होती! तोच गेज घेऊन तिथे गेलो. त्यांचा मीटर ६० दाखवत होता तेव्हा माझा ५४. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या गेजवरही ५४. म्हणजे सहा तिथेच गेले. उरलेले सहा माझ्या मूर्खपणाचे. ऐंशी-नव्वद किलोमीटर भरून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, आतली हवा फुगते, आकडा पाच-सहाने चढतो. पंपावरचा पोरगा म्हणायचा, "काका, ६६ झाली, काढतो थोडी," आणि मी मान डोलवायचो. गरम टायरमधून हवा काढायची, सकाळी ती आणखी उतरायची, आणि त्याच टायरवर दीड टन चढवायचा. कडा घासणार नाहीत तर काय होईल? बाजूची भिंत चाकाच्या दर फेऱ्याला दुमडत होती, त्याचीच ती भुकटी.

तेव्हा टायरला दिलेल्या शिव्या मागे घेतो. क्लेमच्या माणसाला दिलेल्याही, निम्म्या.

पण दुकानदाराला सोडत नाही. गेज आल्यापासून टायरवरचं सगळं वाचायची सवय लागली. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या जोडीवर निघालं की मी घेतला तेव्हा माल पावणेदोन वर्षं दुकानात पडून होता. ७०० रुपये स्वस्त का, ते कळलं. स्टेपनी पाहिली तर ३११८, म्हणजे २०१८चा एकतिसावा आठवडा. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नक्षी कोरी, आणि भिंतीवर बारीक भेगा.

दुसरी गोष्ट वजनाच्या आकड्याची. प्रवासी बोलेरोला हेच माप, २१५/७५ आर १५. नवा टायर घ्यायला गेलो तेव्हा त्याने मला तोच दाखवला, "माप तेच आहे, बसतो." बसतो, पण मापापुढे १०० लिहिलेलं, म्हणजे एका टायरला ८०० किलो. १०६ असेल तर ९५०, ११२ असेल तर ११२०. माल दीड टन, वर गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजन, आणि दोन टायर मिळून सोळाशे. घरी हिशोबाची वही बायकोकडे असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग स्वस्त कसला पडला?" पुढे काही बोललो नाही.

टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, असं विचारणारे बरेच भेटतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. चार टायरमध्ये तो भरायचे पैसे मोजण्यापेक्षा मी पहाटे दोन मिनिटं वाकतो.

आता माझा आकडा : भरताना मागे ६०, पुढे ४०, सगळं थंड असताना आणि माझ्या गेजवर. परतीला रिकामी असली की मागचे उड्या मारतात, पण तेवढ्यासाठी हवा काढायची आणि सकाळी पुन्हा भरायची, हे मला जमत नाही. कुणाला जमत असेल तर करावं. तुमचा आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे, माझा उचलू नका.

नवा टायर ११२चा घेतला, दीड महिन्यापूर्वी बनलेला, पूर्ण किमतीत. काल पहाटे डावा ६०, उजवा ५९. उजव्याच्या व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली, बुडबुडा नाही. उद्या ५८ दिसला तर पंक्चरवाल्याकडे.