शेतीशाळा की व्हॉट्सॲप ग्रुप?

शेतकऱ्यांनी एकमेकांना मोकळेपणाने माहिती द्यावी, यासाठी शेतीशाळा (शेतकऱ्यांनी शेतातच जमून, पीक पाहत शिकायचा वर्ग) सुरू करावी की व्हॉट्सॲप ग्रुप, असं एकाने विचारलं.

खर्चात आणि वेगात ग्रुप सरस. शेतीशाळेसाठी हंगामभर दर आठवड्याला अर्धा दिवस काढावा लागतो.

पण खरा फरक विश्वासाचा. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुडे या किडीमुळे शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी भाताच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे आणि त्यांना खाणारे कोळी मोजत, मग फवारायचं की नाही ते मिळून ठरवत. पीक समोर असलं की अबोल माणूसही बोलता होतो, फसलेला प्रयोगही सांगतो. ग्रुपवर बहुधा भरघोस पिकाचेच फोटो!

अचानक आलेली कीड ओळखायची, बाजारभाव विचारायचा, तर ग्रुप पुरे. नवी पद्धत रुजवायची असेल, तर शेतीशाळाच घ्या.