आधी घर उघडं पाडतात, मग पैसे मागतात

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मधल्या सोप्यात सागवानी खांब. मागची बाजू उतरवून तिथं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वर दोन खोल्या काढायच्या, पुढच्या खोल्या तशाच ठेवून काम होईपर्यंत त्यात राहायचं, असं घरात ठरलं. बाहेर भाडं भरून वर बांधकामाचा खर्च पेलणं पगारी माणसाला जमत नाही. पेठांमधली बहुतेक कामं अशी घरात राहूनच होतात. आणि नेमक्या अशाच कुटुंबांना घोळात घ्यायची एक ठरलेली रीत आहे. ती आम्ही सोसली, म्हणून सविस्तर लिहितेय.

ठेकेदार ओळखीतून आलेला. त्यानं बांधलेली घरं आम्ही आत जाऊन बघितली होती, तिथल्या माणसांशी बोललो होतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला. मजुरी चौरस फुटावर, मटेरियल तो आणणार आणि बिलाप्रमाणे पैसे आम्ही द्यायचे. सासूबाईंना वाकून नमस्कार, मला वहिनी, मिस्टरांना साहेब. पहिली उचल घेतली आणि माणसं लावली.

बोलणं असं झालं होतं की आधी परड्यात तात्पुरता संडास आणि मोरी उभी करायची, मगच जुनं पाडायचं. मी शाळेत आणि मिस्टर शिरोली एमआयडीसीत ड्युटीवर असताना त्यानं स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास एका दिवसात खाली आणले. घरी सासूबाई एकट्या. "आजी, पाडणारी माणसं आजच मिळाल्यात, परत महिनाभर मिळायची न्हाईत," एवढं त्यांना सांगितलं. संध्याकाळी आम्ही आलो तर मागच्या दारातून थेट आभाळ दिसत होतं.

त्या दिवसापासून घर आमचं असलं तरी शब्द त्याचा चालायला लागला. पुढच्या खोलीत कॉटच्या पायथ्याशी शेगडी मांडली. पिठाच्या डब्यावर झाकण असलं तरी भाकरीत कचकच लागायची. सासूबाईंना दमा आहे. धुळीनं त्यांची रात्र रात्र बसून जायची. मुलगी दहावीला, ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. आंघोळीला आणि संडासला शेजारच्या काकूंकडे. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण दुसऱ्याच्या दारात बादली घेऊन उभं राहताना जे वाटतं ते वाटतंच. अशा हालात असलेलं कुटुंब भांडत नाही. त्याला फक्त संडास लवकर हवा असतो, आणि ठेकेदाराला हे पक्कं माहीत असतं. "वहिनी, एवढी उचल द्या, आठ दिवसात संडास उभा करतो" हे वाक्य आम्ही प्रत्येक हप्त्याच्या वेळी ऐकलं.

या सगळ्यामागचा हिशोब मला नंतर एका इंजिनिअरनी समजावला. पाडायला खर्च कमी आणि वेळही कमी, पण दिसायला मोठं काम दिसतं. मग कॉलम आणि स्लॅब. स्लॅब पडला की घर झाल्यासारखं वाटतं आणि माणूस हात सैल सोडतो. खरा खर्च तिथून पुढं असतो. प्लॅस्टर, वायरिंग, प्लंबिंग, फरशी, दारं-खिडक्या, रंग. फसवणारा माणूस स्लॅबपर्यंत ठरलेल्या रकमेतला बराचसा भाग उचलीच्या नावानं काढून घेतो. राहिलेल्या पैशांत राहिलेलं काम होत नाही हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो तिथं साइट सोडतो. आमचे पैसे त्यानं आधीच्या एका घराचं अडलेलं काम पुरं करायला वापरले. आमचं काम पुरं करायला तो पुढच्या कुणाची तरी उचल घेणार होता.

आता जुन्या लाकडाचं सांगते, कारण याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मागच्या बाजूला सागाच्या तुळया, कडीपाट आणि दोन खांब होते. कौलं उतरवताना तो म्हणाला, सगळ्याला वाळवी लागलीय, भंगारात जाईल, नेण्याचा टेम्पो मी माझ्या खर्चानं देतो. मोठ्या मनाचं बोलणं वाटलं. सासूबाईंनी मात्र एक खांब हातानं चाचपून बघितला. खाली जोत्याशी वीतभर पोकळ लागला, वर सगळा ठणठणीत. त्यांनी तसं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावरून येईपर्यंत तुळया, खांब, कौलं, न्हाणीतल्या शहाबादी फरश्या, सगळं गेलेलं. जुन्या सागाला चांगली किंमत येते, कारण तसं पिकलेलं लाकूड आता सहज मिळत नाही. पेठेत ज्यांची घरं उतरवायची आहेत त्यांनी पाडण्याआधी एकेका लाकडाची लांबी-जाडी लिहून फोटो काढून ठेवावेत, आणि निघालेलं लाकूड, कौलं, फरशी, लोखंड मालकाचं राहील ही ओळ करारात घालावी. राडारोडा नेण्याचा खर्च वेगळा धरला तरी चालेल.

सळ्यांचं प्रकरण मिस्टरांनी पकडलं. ते फौंड्रीत असल्यामुळं वजनाचा हिशोब त्यांच्या बोटांवर. सळीच्या व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ नं भागायचं. येतं ते एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळी म्हणजे १४४ भागिले १६२, मीटरला साधारण ८८९ ग्रॅम. सळी १२ मीटर लांब येते, म्हणजे एक सळी १०.६७ किलोच्या आसपास आणि एक टनात ९४ सळ्या. बिलावर १२ मिलिमीटरचा एक टन लिहिलेला. सळ्या उतरल्या त्या संध्याकाळी मिस्टरांनी बॅटरी धरून प्रत्येक सळीवर खडूनं खूण करत मोजल्या होत्या. ७० सुद्धा भरल्या नाहीत. विचारलं तर म्हणाला, "साहेब, राहिलेला माल कटिंगला दुसऱ्या साइटवर गेलाय." वजनकाट्याची पावती मागितली ती शेवटपर्यंत दिली नाही. वजनात थोडा फरक चालतो, १२ मिलिमीटरला पाच टक्क्यांपर्यंत, पण इथं चौथाईहून जास्त माल गायब होता.

त्याच दिवशी काम का थांबवलं नाही, असं काही पाहुण्यांनी विचारलं. मृगाचा पाऊस तोंडावर आला होता आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. घर आधी उघडं पाडण्याचा उपयोग त्याला तिथं झाला.

त्याशिवाय कच्ची बिलं, जिना आणि सज्जेसुद्धा चौरस फुटात धरणं, जुन्या तारखेचं सिमेंट, हे सगळं होतंच. पोत्यावर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते पोतं फोडण्याआधी बघावं.

स्लॅब पडल्यावर आठवडाभरात गवंडी मामा आणि दोन बिगारी बायका सकाळी सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा वयस्क माणूस, खाली मान घालून बोलले, "वहिनी, तुमी पैसं दिलंय म्हणतायसा, पण आमच्या हातात काय बी न्हाई. कामं सोडून जायचं बी जिवावर येतंय." प्रत्येक हप्ता घेताना ठेकेदार "माणसांचा पगार थांबलाय" हेच कारण द्यायचा. मी त्यांना मोबाइलवरच्या पैसे पाठवल्याच्या नोंदी दाखवल्या. त्या बघून त्यातली एक बाई तिथंच पायरीवर बसली. आमच्याइतकीच, खरं तर आमच्याहून जास्त, ती माणसं फसली होती. आमच्याकडे निदान बँकेच्या नोंदी आहेत, त्यांच्याकडे काहीच नाही. काम चालू असताना आठवड्याच्या पगाराच्या दिवशी कामगारांशी दोन शब्द बोला. पैसा कुठं मुरतोय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

नंतर तो फोन उचलेनासा झाला. पहिल्या जोराच्या पावसात नव्या स्लॅबमधून खालच्या स्वयंपाकघरात पाणी उतरलं, कारण वॉटरप्रूफिंगचे पैसे घेतले होते आणि ते केलंच नव्हतं. फरशी बसवण्याआधी बाथरूम नि गच्ची पाण्यानं भरून निदान दोन दिवस ठेवून खालून बघतात, ती चाचणी आम्हाला करूच दिली नाही. महापालिकेच्या परवानगीचे म्हणून वेगळे पैसे नेले होते. नगररचना विभागात जाऊन चौकशी केली तर आमच्या नावाचा अर्जच दाखल नव्हता. परवानगीचा अर्ज नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत जातो. त्या माणसाला स्वतः भेटावं आणि अर्जाचा क्रमांक घ्यावा.

पुढं काय केलं तेही सांगते, कारण अर्धवट घरात बसलेल्या माणसाला हेच कळत नाही. बरेच जण म्हणाले, रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे जा. रेरा कायद्यात विक्रीसाठी नसलेली घरदुरुस्ती आणि नूतनीकरण येत नाही, २०१६ च्या कायद्याच्या कलम ३ मध्येच ते वगळलंय. आपला रस्ता ग्राहक आयोगाचा. ठेकेदारानं पैसे घेऊन दिलेलं काम ही सेवा आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे चालतात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील दिलाच पाहिजे असं नाही. फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पोलिसांतही अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पण त्यासाठी सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. आमच्याकडे त्याचा एक धागा आहे, तो म्हणजे परवानगीचे पैसे घेऊन अर्जच न करणं. आम्ही अर्जात तेच वर ठेवलं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र वेगळंच निघालं. नवा मिस्त्री लावण्याआधी परवानाधारक सिव्हिल इंजिनिअरला बोलावून आहे त्या स्थितीचा अहवाल करून घेतला. किती काम झालं, त्याची मोजमापं, त्याची किंमत, कुठं काय निकृष्ट आहे, तारखेसकट फोटो. नवं प्लॅस्टर चढलं की जुन्याचा पुरावा त्याखाली जातो. घाईनं काम पुढं न्यावंसं वाटणारच, सासूबाईंकडे बघून आम्हालाही तसंच वाटत होतं, पण हा अहवाल हातात येईपर्यंत आम्ही विटेलाही हात लावू दिला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी जपली, ऑडिओसकट. ती पुरावा म्हणून दाखल करताना सोबत २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ठेकेदाराला नोटीस स्पीड पोस्टनं पाठवली आणि पोचपावती फाइलला लावली.

आता त्याच गवंडी मामांना धरून राहिलेलं काम चालू आहे. मटेरियल मिस्टर स्वतः जाऊन आणतात, पक्कं बिल आमच्या नावावर. पगार आठवड्याला थेट माणसांच्या हातात, वहीत सही घेऊन. इंजिनिअर येऊन मोजमाप करतात, त्यावरच मजुरी निघते, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा गळती न होता गेल्यावर द्यायची असं मामांनी आनंदानं मान्य केलंय. संडास सगळ्यात आधी बांधून घेतला. आयोगात तक्रार दाखल झालीय, पुढची तारीख पडलीय.

याच पद्धतीनं ज्यांचं काम स्लॅबला येऊन अडलंय त्यांनी आपापले हिशोब, पावत्या आणि फोटो एका जागी करायला आजच बसावं, दोन वर्षांची मुदत घर सावरण्याच्या नादात कधी निघून जाते ते कळत नाही.