आधी माप, मग देवाणघेवाण : बेळगावातील सायकलच्या जुन्या भागांचे एक दुकान

बेळगावच्या शहापूर भागात सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तिथे रविवारी सकाळी दुरुस्तीची कामे बाजूला ठेवून फक्त सुट्या भागांची देवाणघेवाण चालते. कोणी फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चक्र) देऊन क्रँक (पॅडलचा दांडा) नेतो, कोणी रोख पैसे मोजून वापरलेला हब (चाकाचा मधला तुंबा) घेतो, तर कोणी घरी माळ्यावर पडलेले कॅरियर, मडगार्ड आणि स्टँड पिशवीत भरून आणतो व दान म्हणून ठेवून जातो. बेळगाव, खानापूर, येळ्ळूर, उचगाव आणि सीमेपलीकडच्या चंदगड भागातूनही सायकलवेडी माणसे इथे येतात. मीही बराच काळ या दुकानाचा देणारा आणि घेणारा अशा दोन्ही नात्यांनी गिऱ्हाईक आहे. इथे वस्तू स्वस्त मिळतात हे खरे असले, तरी माझ्या लेखी या दुकानाची खरी किंमत तिथल्या मापाच्या शिस्तीत आहे. जो भाग मापलेला नाही, तो फळीवर चढत नाही.

ही शिस्त किती गरजेची आहे, ते टायरच्या फळीपाशी उभे राहिले की लगेच कळते. आपल्याकडच्या काळ्या साध्या सायकलीचा टायर २८ × १ १/२ मापाचा असतो, आणि गिअरच्या हायब्रीड किंवा रोड सायकलीचा ७०० सी. यातला घोटाळा असा, की ७०० सी टायरवर पुष्कळदा २८ हाही आकडा छापलेला असतो, त्यामुळे दोन्ही टायर ‘अठ्ठावीस’ या एकाच नावाने विकले जातात. प्रत्यक्षात काळ्या सायकलीच्या रिमवर टायर जिथे बसतो, तिथला व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि ७०० सी रिमचा ६२२. तेरा मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. लहान टायर मोठ्या रिमवर चढतच नाही, त्यामुळे तिथे निदान धोका नसतो. मोठा टायर मात्र लहान रिमवर सहज चढतो, हवा भरेपर्यंत शहाण्यासारखा वागतो आणि पुढे भर रस्त्यात रिम सोडून बाहेर पडतो. सव्वीस इंची टायरांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. साध्या लेडीज सायकलींच्या २६ × १ ३/८ टायरचा व्यास ५९०, तर एमटीबीच्या (डोंगरी सायकलीच्या) २६ × १.९५ टायरचा ५५९ असतो, म्हणजे नाव तेच आणि चाक निराळे. या दुकानात टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेला ‘३७-६२२’ किंवा ‘४०-६३५’ असा जोड-आकडा शोधला जातो, त्यातला दुसरा, म्हणजे व्यासाचा, आकडा खडूने टायरवर मोठा लिहिला जातो आणि मगच तो टायर खुंटीवर जातो. आकडा पुसला गेला असेल तर टायर दुकानात ठेवलेल्या नमुन्याच्या रिमवर चढवून पाहतात. नव्या मालाच्या दुकानांतही मी एवढी काळजी क्वचितच पाहिली आहे.

दुकानाचे मालक वयाने मोठे आहेत आणि सारे त्यांना काका म्हणतात. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांत ते गिऱ्हाइकाशी बोलतात, आणि तिन्हींत त्यांचे पहिले वाक्य एकाच अर्थाचे असते. मध्यंतरी खानापूरकडच्या एका तरुणाने सीट पोस्ट (सीटखालची नळी) पुढे करून “काका, हे आमच्या फ्रेममध्ये बसतंय काय ओ?” असे विचारले, तेव्हा काकांनी पोस्टकडे न पाहता “फ्रेम आणलीस काय? आधी मापूया, मग बोलूया” असे उत्तर दिले. सायकल बाहेर उभीच होती. फ्रेमच्या नळीत व्हर्नियर (बारीक माप घेणारे साधन) घातला तेव्हा आतला व्यास २७.२ मिलिमीटर निघाला, आणि हातातली पोस्ट २५.४ ची होती. एवढ्या फटीत पत्र्याचा तुकडा कोंबून काम भागवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. महिनाभरात सीट डुगडुगू लागते आणि नळीला आतून चरे पडतात. काकांनी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर करून घेतलेला ॲल्युमिनियमचा पातळ बुश (फट भरणारी नळी) काढला, त्याला ग्रीस लावले आणि पोस्ट बसवून दिली. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची पोस्ट कोरडी बसवली तर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात, की पुढे फ्रेम कापायची वेळ येते. म्हणून दर पावसाळ्यानंतर पोस्ट काढून पुसून पुन्हा ग्रीस लाव, असेही त्यांनी त्या तरुणाला बजावले. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या या शहरात असा बुश करून मिळणे अवघड नाही, पण सायकलस्वाराला तो हवा आहे हे ओळखणारा माणूस मधे असावा लागतो.

अदलाबदलीचे नियम साधे आहेत. वस्तूच्या बदल्यात वस्तू, आणि किमतीत फार तफावत असेल तर वरची रक्कम रोख. मोल मात्र वस्तूच्या नावावर ठरत नाही, तिच्यात किती आयुष्य उरले आहे यावर ठरते. त्यासाठी चेनची परीक्षा गिऱ्हाइकासमोर होते. चेन ताणून तिच्यावर पोलादी पट्टी ठेवतात आणि एका पिनीच्या मध्यापासून चोविसाव्या कडीच्या पिनीच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहतात. नव्या चेनमध्ये ते बरोबर १२ इंच असते. अंतर १/१६ इंचाने वाढले असेल तर चेन बदलायची वेळ झाली; १/८ इंचाने वाढले असेल तर त्या चेनबरोबर फिरलेले फ्रीव्हीलही बहुधा झिजलेले असते, आणि त्यावर नवी चेन टाकली तरी जोर लावताना ती दात सोडते. म्हणून फ्रीव्हील देणाऱ्याला काका त्याची जुनी चेनही दाखवायला सांगतात. हा आग्रह अनेकांना जाच वाटतो, पण मला तो संपूर्ण योग्य वाटतो. चोर्ला घाटाच्या वाटेवर, कणकुंबीच्या अलीकडे चढ सुरू झाल्यावर पॅडलवर उभे राहावे आणि चेन सटकावी, यात गुडघा आणि दात दोन्ही जाऊ शकतात.

गिअरच्या भागांत मात्र नवख्याने विशेष सावध राहावे, कारण तिथे वस्तू एकमेकींसारख्या दिसतात आणि एकमेकींना चालत नाहीत. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा सुटा संच, हबच्या बॉडीवरील खाचांत सरकते. एकाच्या जागी दुसरे बसवायचे म्हणजे हबच बदलावा लागतो. शिमानोच्या आठ, नऊ आणि दहा स्पीडच्या कॅसेट एकाच बॉडीवर बसतात, पण अकरा स्पीडच्या रोड कॅसेटला १.८५ मिलिमीटर जास्त लांबीची बॉडी लागते. उलट त्या लांब बॉडीवर जुनी कॅसेट बसवायची झाल्यास मागे तेवढ्याच जाडीची चकती घालून काम होते. या चकत्या दुकानात एका डब्यात भरून ठेवल्या आहेत आणि कॅसेटच्या व्यवहारात त्या फुकट मिळतात. ब्रेकचेही तसेच आहे. व्ही-ब्रेकचा लिव्हर जास्त तार ओढतो, आणि तोच लिव्हर साध्या कॅलिपर ब्रेकला जोडला तर हाताला दाब कडक लागतो पण चाक हवे तसे थांबत नाही. त्यामुळे इथे ब्रेकचा लिव्हर सुटा देत नाहीत, तो कोणत्या ब्रेकला लावणार हे विचारूनच देतात.

फ्रीव्हील उतरवण्याचे काम पाहण्यासारखे असते. अवजार फ्रीव्हीलच्या खाचांत नीट बसले आहे याची बोटाने खात्री करून घेतात, ॲक्सलचे नट घालून ते हलू नये असे दाबतात, अवजार बाकाच्या शिकंज्यात आवळतात, आणि मग अख्खे चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवतात. मोठ्या पान्ह्याने जे हलत नाही, ते चाकाच्या रुंदीमुळे मिळालेल्या जोराने एका झटक्यात सुटते. अवजार न दाबता जोर लावला तर खाचा गोल होतात आणि चांगला हब कायमचा अडकून पडतो. भंगारात जाणाऱ्या कितीतरी चाकांचा इतिहास एवढाच असतो. घरी प्रयत्न करू पाहणाऱ्यांना काका उलट्या आट्यांची आठवणही देतात. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात, आणि बहुतेक सायकलींच्या बी.बी.चा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक जिथे फिरते त्या सांध्याचा) उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. चुकीच्या दिशेने जोर लावून आटे खराब केलेली क्रँक दान करू नये, ती कोणाच्याच कामाची नाही.

दुकान काय घेत नाही, यावरून मला त्याची योग्यता अधिक पटली. वापरलेले हेल्मेट घेतले जात नाही, कारण त्यावर आधी मार बसला आहे की नाही हे वरून दिसत नाही. पडलेल्या सायकलीचा कार्बन चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) फुकट दिला तरी घेत नाहीत, आणि वाकवून सरळ केलेले ॲल्युमिनियमचे हँडलही परत करतात. तेल लागलेले डिस्क ब्रेकचे पॅड तिथेच कचऱ्यात जातात. अशा वस्तू कमी भावात विकून मोकळे होणे कोणालाही सोपे आहे. त्या नाकारण्यासाठी दुसऱ्याच्या जिवाची काळजी लागते.

दानाचा भाग मला सर्वांत जवळचा आहे, आणि माझी तक्रारही त्याविषयीच आहे. दान आलेल्या भागांतून दुकानातील कारागीर सावकाशीने पूर्ण सायकली उभ्या करतात, आणि त्या खानापूर तालुक्यातल्या आतल्या वाड्यांवरील शाळकरी मुलांना दिल्या जातात. तिथे एसटी दिवसातून मोजक्या फेऱ्या करते आणि शाळा चालत जायच्या अंतराहून दूर असते. कर्नाटक सरकारने २००६-०७ साली आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हापासूनच्या कित्येक सायकली अजून या गावांत आहेत. फ्रेम शाबूत असते, पण टायर, ब्रेकचे रबर किंवा हबमधला एखादा कोन (छर्रे धरणारा शंकू) गेला म्हणून त्या गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेल्या असतात. अशा सायकलीला दोन-तीन योग्य भाग मिळाले तर ती पुन्हा रस्त्यावर येते. तसेच ॲटलसच्या सायकलींचे आहे. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण तिच्या जुन्या सायकली आपल्या भागात अजून चालतात, आणि त्यांचे मडगार्ड व चेनकव्हर यांसाठी आता जुन्या मालावरच भिस्त आहे.

माझी तक्रार अशी, की दानात येणारा माल बहुतांशी देणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि दुकान त्याला फारसे वळण लावत नाही. गिअरच्या सायकली वापरणारे आम्ही लोक जुने शिफ्टर (गिअर बदलण्याची कळ), रोडचे अरुंद टायर, क्लिपचे पॅडल असे दान देतो, आणि वाडीवरच्या मुलीच्या साध्या सायकलीला यातले काहीच लागत नाही. तिला २६ इंची टायर-ट्यूब, कॉटर पिन (क्रँक ॲक्सलला पकडणारी खीळ), छर्रे, ब्रेकचे रबर, साधी जाड चेन आणि मजबूत कॅरियर लागते. गिअरचा दानमाल अदलाबदलीच्या फळीवर विकून त्या पैशांतून साधे भाग आणावेत असे मी काकांना सुचवले. त्यांना ते पटले, काही वेळा तसे झालेही. पण त्याचा हिशेब कुठे लिहिलेला दिसत नाही. दान देणाऱ्याला आपल्या कॅसेटचे काय झाले हे कळायला हवे. एक वही दर्शनी ठेवली, तिच्यात आलेला भाग, त्याचे मोल आणि त्यातून घेतलेली वस्तू लिहिली, तरी पुरे आहे. विश्वास आहे म्हणून वही नको, हे म्हणणे मला मान्य नाही. एवढ्या विश्वासाला लेखी आधार असणे त्या दुकानाच्याच हिताचे आहे.

आणखी दोन उणिवा सांगतो. स्पोकची फळी फार दुबळी आहे. लांबी दोन मिलिमीटरने चुकली तरी चाकाचा आऊट (फिरतानाचा वाकडेपणा) नीट निघत नाही, आणि हव्या त्या लांबीचे स्पोक इथे क्वचित मिळतात, तेव्हा चाक बांधायचे असल्यास ते नवेच आणावेत. दुसरे असे, की ज्यांना रविवारी येणे जमत नाही त्यांच्यासाठी काहीच सोय नाही. आठवड्यात दुरुस्तीची इतकी गर्दी असते की सुट्या भागाची चौकशी करायला संकोच वाटतो.

एकूण, ज्याला आपली सायकल स्वतः समजून घ्यायची आहे, त्याने या दुकानात अवश्य जावे. जाताना शक्यतो सायकलच न्यावी. ते जमत नसेल तर जुना भाग तरी हातात असावा, आणि टायर हवा असेल तर कडेवरचा जोड-आकडा कागदावर लिहून न्यावा. भाग माती पुसून द्यावा, कारण जांबोटीकडची लाल माती वाळून बसली की तडा आणि झीज दोन्ही झाकून जातात. दान द्यायचे असल्यास मे महिन्याच्या मध्यापर्यंत द्यावे, म्हणजे शाळा उघडून पाऊस लागण्याआधी त्याची सायकल होते. सध्या दुकानात सर्वांत जास्त गरज २६ × १ ३/८ च्या टायर-ट्यूबची आणि मागच्या कॅरियरची आहे.